मुकी मुळी

मुळी हातात आली तसे ठाकरवाडीच्या आवडीने ओठ घट्ट मिटून घेतले. आदल्या सांजेला तिने त्या पांढऱ्या अघाड्यापुढे तांदूळ नि कुंकू ठेवून आवतण दिलं होतं, माझ्या ठमीच्या घरी चल म्हणून. आता मुळी लेकीच्या मांडीला बांधून लेक मोकळी होईपर्यंत कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही, मुळी भुईला टेकू द्यायची नाही, मागे वळून बघायचं नाही. बोललं की मुळी मेली. मग ती नुसती काडी.

तिकडे वर ठाकरवाडीत ठमी अडली होती. आढ्याला बांधलेल्या दोराला लोंबकळून लोंबकळून तिचे हात सोलले होते, तोंड काळंनिळं पडलं होतं, आणि सुईणीने तर कपाळाला हात लावला होता. आवडीला एकच लेक. ती झपाझप चालत होती.

ओढ्याच्या काठी धूर दिसला. खालच्या दहिवलीची जयवंता तीन दगड मांडून मडक्याखाली जाळ घालत होती. शेजारी तिची दोन पोरं, हिरू आणि चिंधी, मडक्याकडे डोळे लावून बसलेली. भाताच्या आवणीला आवडी दरसाल हिच्याच शेतावर जायची. ठाकरीण म्हणून हिने कधी वाढताना हात आखडला नव्हता. पण यंदाचं सालच मेलं वाईट. पावसाने दगा दिला, मागून मानमोडीचा ताप आला नि जयवंताचा नवरा घेऊन गेला. घरातली कणगी कधीच रिकामी झाली होती. खालची भातवाली माणसं आता कंदमुळं उकरायला रानात चढू लागली होती.

आवडीने मडक्यात डोकावून बघितलं. कडूकंद! चिरून सरळ उकडायला घातलेला. ठाकर तो खातात हे खालच्यांनी बघितलेलं. पण ठाकर तो राख घालून उकडतात, मग रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, आणि सगळा कडूपणा गेल्यावरच पोरांच्या हातावर देतात, हे बघायला कोण आलं होतं? नुसता उकडलेला कडूकंद म्हणजे निव्वळ विष.

"बरं झालं आलीस, आवडे," जयवंता म्हणाली. "शिजलं असंल का गं हे? पोरं दम धरंनात."

आवडीने नाही म्हणून जोरजोरात मान हलवली. मडक्याकडे बोट केलं, पोरांच्या तोंडाकडे केलं, पुन्हा मान हलवली. जयवंता बघतच राहिली. मग तिचा चेहरा कठीण झाला. रान काय तुमच्या एकट्यांचं हाय का, ती म्हणाली. माझ्या बांधावर बसून जेवलीस तवा मी कधी मान हलवली नव्हती.

हे आवडीला फार लागलं. एकच शब्द बोलायचा होता. इख. तो जिभेच्या शेंड्यापर्यंत आलासुद्धा. पण डोळ्यांपुढे ठमीचं तोंड उभं राहिलं आणि तिने तो गिळून टाकला. आईची जात, आपल्या लेकरापुढे दुसऱ्याचं लेकरू दिसत नाही हेच खरं.

तिने पायाने मडकं लवंडलं. उकळतं पाणी पावलावर सांडलं, कातडी सोलून निघाली, तरी तिने हूं का चूं केलं नाही. मातीत पडलेल्या फोडी ती टाचेखाली चिरडू लागली. पोरांनी भोकाड पसरलं. जयवंता चुलीतलं जळतं लाकूड घेऊन धावली, तिने आवडीला वाटेवर ढकललं आणि तोंडाला येईल ते बोलत राहिली. हलकट म्हणाली, चेटकीण म्हणाली.

आवडी लंगडत पुढे निघाली. मागे जयवंताचा आवाज हळूहळू बसला. पोरांचं रडंही थांबलं. मग कुणीतरी फुंकर मारून माती उडवत असल्यागत आवाज येऊ लागला. थोडा वेळ गेला की पुन्हा फुंकर. आवडीने मुळी मुठीत आणखी आवळली. पण तिने मागे वळून बघितलं नाही.

झोपडीत शिरली ती तडक ठमीपाशी. मांडीला मुळी बांधली आणि भिंतीला टेकून देवाचा धावा करत बसली, मनातल्या मनात. उन्हं डोक्यावर आली तेव्हा ठमी मोकळी झाली. मुलगी झाली. दोघी जगल्या. आवडीने लगेच मुळी सोडून टाकली आणि नातीचं तोंडसुद्धा न बघता ती बाहेर धावली. जळका पाय घेऊन ती उतार उतरत होती आणि सकाळपासून कोंडलेला आवाज रानभर फुटत होता. खाऊ नका गं, जयवंते, पोरांना खाऊ देऊ नको!

जयवंता ओढ्याकाठच्या सावलीत बसली होती. दोन्ही पोरांची डोकी मांडीवर घेतलेली. चिंधीच्या ओठांवर फेस वाळला होता. जयवंता पदराने माश्या वारत होती. सकाळचा राग तिच्या तोंडावर कुठे उरला नव्हता. आवडीला बघून तिने हात वर केला.

"वरडू नको गं," ती हळूच म्हणाली. "तू सांडलंस तरी येचून खाल्लं त्यांनी. माझ्या वाटचं बी खाल्लं. लई दिसांनी पोट भरून निजलीत."