पँटच्या खिशातली सुई

चंद्रभागाबाईने हात टेबलावर ठेवला. तळहातावर हळद लिंपून वरून लुगड्याची चिंधी बांधली होती.

"काल दुपारी टोचली. या अंकुशची पँट धूत होती. खिशात हात घातला, अन् कचकन् घुसली."

"हळद कशाला लावली, मावशी? नळाखाली साबणाने धुवायचं होतं," केंद्रातल्या शोभाताई चिंधी सोडत म्हणाल्या.

"धानाच्या रोवण्यात याच्याहून मोठे काटे टोचते वो. मी तं येतच नव्हती. यानंच ओढत आणलं. मी याले असंच शाळेत ओढत नेत होती."

बाकावरची दोन पोरं हसली. वरठीच्या या केंद्रात नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांना कोऱ्या सुया मिळत आणि त्यांचं रक्तही तपासलं जाई. ती पोरं सुया न्यायलाच आली होती.

"दात काय काढता रे?" चंद्रभागाबाई त्यांच्याकडे वळली. "तुमच्या माया पँटी धूत नाही का?"



सुई अंकुशची होती, म्हणून शोभाताईंनी आधी त्याच्या बोटातलं रक्त घेतलं होतं. तीस वर्षांचा गडी, पण टेबलावरच्या तपासणीच्या कार्डाकडे बघायला तयार नव्हता. कार्डावर एकच रेघ उमटली.

"एचआयव्ही दिसत नाही," शोभाताई म्हणाल्या.

"मी सांगतच होती!" चंद्रभागाबाई उठलीच. "माहा पोट्टा सुई घेते, पण सोताची घेते. माह्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली हाये त्यानं. चाल रे, आपल्या कोंढ्याची गाडी भेटते आता."

"बसा, मावशी. अलीकडे काही लागलं असेल, तर ते या कार्डावर अजून दिसत नाही." शोभाताईंनी खुर्ची अंकुशकडे वळवली. "दर वेळी विचारते तेच विचारते. गेल्या तीन महिन्यांत दुसऱ्या कोणाची सुई वापरलीस? वापरली असशील, तर तुझ्या आईला आजच गोळ्या सुरू करायला हव्यात, महिनाभर. उशीर झाला तर त्यांचा उपयोग नाही. वापरली नसशील, तर त्या घरी गेल्या तरी चालेल."

या प्रश्नाचं अंकुशचं उत्तर साऱ्या केंद्राला पाठ होतं. बाकावरच्या एकाने त्याच्याच आवाजात ते देऊनही टाकलं, "नाही, ताई! आपली सुई आपली!"

दुसरा खिदळला. चंद्रभागाबाईलाही हसू आलं.

अंकुश हसला नाही. पिवळ्या तळहातावरच्या त्या लाल ठिपक्याकडे तो बघत होता.

"मागच्या महिन्यात," तो म्हणाला. "लाखनीले. माही सुई वाकली होती. संगच्या जोडीदाराची घेतली."

"एकदाच?"

"दोनदा. नाही, ताई. तीनदा."

शोभाताईंनी फोन उचलला आणि भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात कळवलं, की एक बाई गोळ्यांसाठी आत्ताच येत आहेत. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "घाबरू नका, मावशी. वेळेत आलात. रोज न चुकता घेतल्या की धोका फारसा उरत नाही. अन् अंकुश, तुझं रक्त पुन्हा तपासायचं."

अंकुशची मान खालीच होती.

"काही बोल ना वो, माय. शिव्या तरी दे."

चंद्रभागाबाईने तोच हळदीचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि शोभाताईंना म्हणाली,

"एवढ्याशा सुईनं पोट्टा खरं बोलला, बाई. मले माहीत असतं, तं मागच्या सालीच टोचून घेतली असती."