वांगी रंगाचं फाटक

या, असे जवळ सरकून बसा. मनातली गडबड घटकाभर बाजूला ठेवा आणि एका फाटकाची गोष्ट ऐका. देवाने ज्याला जे दिलं नाही, तेच त्याने कसं कामाला लावलं, त्याची.

"तो विषय उडवा," साहेब म्हणाले.

संगणकापुढच्या मुलीने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. नगरपालिकेच्या ऑनलाइन चर्चेची ती राखणदार. नोकरी कच्ची, सहा महिन्यांची. शिव्या गाळायच्या, भांडणं सोडवायची आणि दर सोमवारी सर्वांत जास्त उत्तरं आलेला विषय सभेपुढे ठेवायचा. एकच विषय. नियम साहेबांनीच केलेला.

तीन सोमवार बागेच्या फाटकाचा रंगच पहिला येत होता. निळा की हिरवा, यावरून सख्खे शेजारी एकमेकांची उणीदुणी काढत होते. तळाशी एक विषय पडून होता: 'मागच्या वस्तीत नळाच्या पाण्याला गटाराचा वास येतो.' लिहिणारा होता वाद्यं सुरात लावून देणारा एक म्हातारा कारागीर. उत्तरं चार, त्यातली तीन त्याचीच: सात मुलं तापाने पडली. अकरा पडली. चौदा पडली, शेजारची चिमुरडी आज डोळे उघडत नाही.

हा विषय वर घेऊ का, असं मुलीने दोनदा विचारून पाहिलं होतं. "लोकांना हवं तेच वर येईल," साहेब म्हणाले होते. "आपण कोण ठरवणारे?"

गुरुवारी म्हाताऱ्याने आपल्या विषयाखाली पुन्हा लिहिलं. 'पाण्याला अजून वास आहे. आणि बागेचं फाटक वांगी रंगाचंच हवं. निळं-हिरवं मागणाऱ्यांना रंगातलं ओ की ठो कळत नाही.'

झालं. निळे धावून आले, हिरवे धावून आले, आणि तीन आठवड्यांचं वैर विसरून दोघेही त्याच्यावर तुटून पडले. 'काका, चष्मा बदला.' 'स्वतःचं घर रंगवा वांगी.' कुणीतरी त्याला वांगीकाका म्हटलं आणि तेच नाव पडलं. तो प्रत्येकाला गोडीने उत्तर देई: 'तुमच्या मताचा मान आहे. पण वांगीच. आणि पाण्याला वास आहे.' रविवारपर्यंत सोळाशे उत्तरं जमली.

"ती सगळी रंगावरची आहेत," साहेब आता म्हणत होते. "पाण्यावर कोण बोलतंय? उडवा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"विषय पाण्याचा आहे, साहेब. आकडा तुमच्याच नियमाने मोजलाय." तिचा हात मांडीवरच राहिला. "मी नाही उडवणार. तुम्ही उडवा. मग सोळाशे जण विचारतील, आमचं भांडण कुठे गेलं? त्यांना उत्तर तुम्ही द्या."

साहेबांनी माउसकडे पाहिलं. हात लावला नाही.

सोमवारी सभेत पाणी पहिलं आलं. त्याच दिवशी रस्ता खणला. गटारात बुडालेला फुटका नळ सगळ्यांनी पाहिला, आणि मग कुणाला फाटक आठवलं नाही. आठवड्याने चिमुरडी उठून बसली.

त्या सोमवारच्या सभेला वांगीकाकाही आले होते. दारात त्यांना पाहून हसायला टपलेल्या लोकांनी सरकून वाट करून दिली. साहेबांनीच शेवटी विचारलं, "काका, हे वांगी रंगाचं खूळ कुठून काढलंत?"

काकांनी हातातली पांढरी काठी गुडघ्यांत धरली. "मी जन्माचा आंधळा, साहेब. फोन वाचून दाखवतो, मी सांगतो ते लिहितो. वांगं मला चवीपुरतं ठाऊक. पण नाक शाबूत आहे."

तेव्हा मंडळी, नळाखाली पेला धराल आणि पाणी नितळ दिसेल, तेव्हा मांडीवर हात ठेवून बसलेल्या त्या मुलीची आठवण ठेवा. आणि वांगीकाकांची ठेवा. ते पाणी त्यांनी कधीच पाहिलं नाही.