एकच चॅनल

"आरिया... आरिया, सावकाश," लियाकतच्या कानाशी वॉकीटॉकी खरखरला.

आरिया म्हणजे खाली घे. लियाकतने लिव्हर पुढे सरकवला. क्रेनला लटकलेला काँक्रीटचा स्लॅब पुलाच्या खांबामागे उतरू लागला.

खांबामागचं त्याला काही दिसत नव्हतं. तिथे सोमनाथ उभा होता. घोटीकडचा गडी, तीन वर्षं त्याचा सिग्नलमन. सोमनाथ बोलला की लियाकत हलायचा, सोमनाथ गप्प झाला की थांबायचा. दोघांचं तसंच ठरलेलं होतं.

मग किंकाळी आली. ती वॉकीटॉकीतून नाही, सरळ खांबामागून आली.

स्लॅब परत वर घेईपर्यंत सोमनाथचा उजवा हात त्याच्याखाली होता.

'आरिया' सोमनाथ म्हणालाच नव्हता. रस्त्याच्या पलीकडे दुसरी क्रेन ट्रकमधून सळया उतरवत होती. तिचा सिग्नलमन धम्मपाल आपल्या क्रेनवाल्याला सांगत होता. त्याचा शब्द लियाकतच्या क्रेनमध्ये पोचला आणि लियाकतने तो सोमनाथचा समजून ऐकला.

अँब्युलन्स गेल्यावर तासाभराने इंजिनियर शेखरने लियाकत आणि धम्मपालला पत्र्याच्या ऑफिसात बोलावलं. समोर एक कागद होता, अर्धा लिहून झालेला.

"वीस वर्षं क्रेन चालवतोस," तो लियाकतला म्हणाला. "आपल्या माणसाचा आवाज ओळखता येत नाही?"

"साहेब, त्या डब्यात सगळ्यांचा आवाज एकच होतो. चौदा माणसं एका चॅनलवर बोलतात. टँकरवाला त्यात, गेटवाला त्यात, चहा मागवणारापण त्यातच."

"सेटला सोळा चॅनल आहेत साहेब," धम्मपाल म्हणाला. "दिवाळीच्या आधी मी तुम्हाला सांगितलं होतं, दोन क्रेनना दोन वेगळे द्या. तुम्ही नको म्हणालात."

"मग मला कसं कळणार कोण कुठे काय करतंय? सोळा सेट गळ्यात घालून फिरू?"

टेबलावरचा शेखरचा सेट मध्येच बोलला. सिमेंटची गाडी आलीय, गेट कोण उघडतंय? लगेच दुसरा कोणीतरी त्यावर बोलला आणि दोघांचं मिळून नुसतं करकरणं झालं. शेखरने आवाज बारीक केला.

"आरिया मी म्हणालो," धम्मपाल म्हणाला. "तसं लिहा."

शेखरचं पेन थांबलं. मग तो शांतपणे म्हणाला, "तू तुझ्या क्रेनला म्हणालास. बरोबरच म्हणालास. ते या कागदात येत नाही."

"पण झालं त्याच्यामुळेच ना?"

"तुला उद्या कामावर यायचंय ना? मग जा आता." लियाकतकडे न बघताच तो म्हणाला, "तू नको येऊस. वरून काही कळेपर्यंत."

दोघं बाहेर आले. पलीकडची क्रेन सुरू झाली होती. तिच्यासाठी नवा सिग्नलमन उभा केला होता आणि तो त्याच चॅनलवर ओरडत होता.

संध्याकाळी ते धम्मपालच्या मोटारसायकलवरून दवाखान्यात गेले. सोमनाथ टेकून बसला होता. मनगटापर्यंत पांढरं बँडेज होतं. त्याच्या पुढे काही नव्हतं. कडेच्या स्टुलावर त्याची बायको सिंधुबाई बसली होती. तिने लियाकतकडे एकदा पाहिलं आणि पदर ओढून घेतला.

धम्मपाल दारातच थांबला. त्याला पुढे येववेना.

"लियाकतभाई," सोमनाथ म्हणाला. औषधाने त्याची जीभ जड झाली होती. "खालचा ठोकळा तिरका झाला व्हता. नीट करायला हात घातला. स्लॅब खाली येतोय ते दिसलं, तसं डाव्या हातानं बटन दाबलं. थांब म्हनलो. एकदा नाय, तीनदा म्हनलो. हात काढाया जागाच नव्हती."

दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की ज्याचा सेट जोरात पोचतो त्याचंच ऐकू येतं, हे लियाकतला माहीत होतं. सोमनाथ खांबाच्या आड होता. धम्मपाल उघड्यावर. त्या 'आरिया'मागे खरखर नेहमीपेक्षा जास्त होती, हे त्याला आत्ता आठवलं. तेवढंच सोमनाथचं त्याच्यापर्यंत आलं होतं.

"मगाशी साहेब येऊन गेले," सोमनाथ म्हणाला. "दवाखान्याचं सगळं कंपनी बघंल म्हनले. कागदावर अंगठा घेतला." त्याने डावा हात वर केला. अंगठ्याला निळी शाई होती. "सही करता येईना ना आता."

सिंधुबाईने मान फिरवली.

"मी म्हनलो, आधी वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. लियाकतभाईंनी सिग्नलमनचं ऐकलं नाही, असं लिवलंय. मला काय ते पटंना. तीन वर्षांत तुम्ही माझं ऐकलं नाय असं कधी झालं नाय. म्हनून इचारतो. खरं हाय का ते?"

दारात धम्मपालने तोंड उघडलं. पण त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

सांगण्यासारखं लियाकतकडे पुष्कळ होतं. दोन क्रेन, चौदा माणसं, दिवाळीआधी मागितलेला आणि न मिळालेला वेगळा चॅनल. त्याने स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि ते मागे घेतले.

"खरं आहे," तो म्हणाला. "नाही ऐकलं."