लोणीचा पिंजरा

"ह्याला आज काहीच नाही?" हर्षालीनं विचारलं.

"सोमवार हाय ताई. सोमवारी समद्यांनाच उपास," सुरी धुता धुता जलाल म्हणाला. "जंगलात तरी रोज कुठं गावतं? एक दिवस पोट रिकामं राहिलं की तब्येत बरी ऱ्हाते."

हर्षाली कोपऱ्यातल्या, लोणी गावाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पिंजऱ्यापाशी जाऊन उकिडवी बसली, ती चहा निवून गेला तरी उठली नाही.

जुन्नरजवळच्या त्या बिबट्यांच्या निवाऱ्यात परदेशातून माणसं यायची. महिनाभर पिंजरे झाडायची, पाणी भरायची, फोटो काढायची आणि जाताना रडायची. मांस तोडून बिबट्यांना घालणाऱ्या जलालला त्यांची सवय झाली होती. ह्या खेपेला आयर्लंडहून तिघी आल्या होत्या. दोन गोऱ्या पोरी, आणि त्यांच्याच दवाखान्यात नर्स असलेली ही हर्षाली. मराठी होती, पण बोलणं मोजकं, शहरी. भारत बघायला निघालोय, वाटेत इथं थोडी सेवा करायची आहे, एवढंच तिनं सांगितलं होतं.

गोऱ्या पोरी बछड्यांवर जीव टाकत. हर्षाली बछड्यांकडे फिरकायचीसुद्धा नाही. तिनं एक फोटो काढला नाही. लोणीच्या पिंजऱ्यातला तो थोराड, लंगडा नर, तेवढाच तिचा. त्याची पाण्याची कुंडी ती घासून घासून लख्ख करायची. थंडी वाढली तेव्हा कुठून तरी पेंढा आणून तिनं त्याच्या फळीवर पसरायला लावला.

"पाय कशानं गेला ह्याचा?"

"फासकीत घावला व्हता. डुकरासाठी तार लावत्यात ना लोक, त्यात."

"दुखत असेल?"

"थंडीत ठणकत असंल. बोलतोय कुठं बिचारा."

तिनं मान फिरवली. जलालला वाटलं, जनावराची माया असावी तर अशी.

मग एका दुपारी बादली घेऊन तो मागून येत होता. बिबट्या फळीवर पडला होता आणि ती गजाशी तोंड नेऊन हळू बोलत होती.

"निजलास व्हय रं? लई दमलास का?"

जलाल जागीच थांबला. हे बोलणं आयर्लंडचं नव्हतं, पुण्याचंही नव्हतं. हे पूर्वेकडच्या उसातल्या गावांचं बोलणं होतं.

दोनच दिवसांनी पहाऱ्यावरचा सोमाजी सहज म्हणाला, "ती नर्सबाई सुट्टीला लोणीच्या गाडीत बसली राव. तिथं काय बघायला गेली कुणास ठाऊक!"

लोणीचं प्रकरण जलाल विसरला नव्हता. आजीपाशी राहणारं पोरगं, संध्याकाळी उसाच्या कडेनं घरी येताना बिबट्यानं उचललं होतं. आई परदेशात नोकरीला. ती येईपर्यंत सगळं उरकलं होतं. लोक चिडले, रस्त्यावर बसले, मग चार-सहा दिवसांनी त्याच उसात बिबट्या पकडला गेला आणि गाडीत घालून इथं आला.

त्या दिवसापासून त्यानं मांसाच्या खोलीला कुलूप घातलं. ती पिंजऱ्याकडे निघाली की हातातलं काम टाकून हा मागं. लेकरू गेलेली माणसं काय करतात, हे त्यानं ह्या नोकरीत बघितलं होतं. औषध घातलेली कोंबडी कुंपणावरून आत फेकणारा एक बाप त्यानं स्वतः धरला होता. त्या बापाचा त्याला राग आला नव्हता. पण जनावर मरू द्यायचं नव्हतं.

निघायच्या दिवशी गोऱ्या पोरी गाडीत सामान भरत होत्या. हर्षाली स्टीलचा डबा घेऊन लोणीच्या पिंजऱ्यापाशी आली. जलालनं तिचं मनगट धरलं.

"काय हाय त्यात?"

"कोंबडी आहे."

"खरं सांगा ताई. मला ठावं हाय तुमी कोण ते."

तिनं हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातानं डबा उघडला. आत नुसत्या उकडलेल्या तंगड्या होत्या, हळदसुद्धा न लावलेल्या. तिनं एक उचलली, मोठा घास तोडला, चावून गिळला.

"विष न्हाई घातलं, चाचा," ती म्हणाली. तिचं शहरी बोलणं पार गळून पडलं होतं. "आज माझ्या शौर्यचा वाढदिवस हाये. त्याला तंगडीच लागायची. मी फोनवर सांगायचे, आई, दोन ठेव त्याला."

जलालचा हात आपोआप सुटला.

"मला लोक म्हणाले, बघू नको. बघायला व्हतं काय? एक सदरा आणि एक चप्पल. मी आले तवा त्याची पण राख झालेली. कुठं जाऊन रडू सांगा? थडगं न्हाई, समाधी न्हाई." तिनं गजाआड बघितलं. बिबट्या मान वर करून हुंगत होता. "मग वाटलं, माझं लेकरू जिथं गेलं तिथंच जावं. ते ह्याच्या रक्तात हाये, चाचा. हा श्वास घेतो तवा मला वाटतं, त्यो बी घेतोय. म्हणून आले. आता पुन्हा सुट्टी कधी मिळंल ठाऊक न्हाई. तुमी एवढं करा, ह्याला सोमवारी उपाशी ठेवू नका. त्याला भूक सोसायची न्हाई."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. जलालनं मांस घालायचा लांब चिमटा तिच्या हातात दिला.

"घाला तुमच्या हातानं," तो म्हणाला. "मी हाय. काळजी करू नका."

तिनं एकेक तंगडी गजातून आत सरकवली. बिबट्यानं ती दोन पंजांत धरून सावकाश खाल्ली. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती मागं बघून हात हलवत होती, आणि जलालही हलवत राहिला.

लोणीचा बिबट्या आणल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मेला होता. जलालनंच त्याला सरणावर ठेवून जाळलं होतं. पिंजऱ्याला नाव तेवढं चिकटून राहिलं. आत होता तो आहुप्याच्या रानातला, आणि त्यानं आजवर माणसाला नखसुद्धा लावलं नव्हतं.