पहिला साक्षीदार

"त्या तक्रारीतून माझं नाव खोड," वडील म्हणाले. गणवेशाला इस्त्री करताना त्यांनी मानही वर केली नाही.

लेक टेबलाशी तक्रार लिहीत होती. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. अल्पवयीन मुलांचे खटले चालवायचे, हे तिने अकरावीतच ठरवून टाकलं होतं. आठवड्यातले तीन दिवस ती मोफत कायदा सल्ला केंद्रात जायची. तिथे तिला पंधरा वर्षांची एक पोर भेटली. दुकानातून फोन चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी तिला धरलं, वय एकोणीस लिहिलं आणि दोन दिवस मोठ्या बायकांच्या कोठडीत डांबलं. कोठडीवर पहारा वडिलांचा होता.

"बाबा, पहाऱ्यावर कोण होतं ते लिहावंच लागतं."

"वय वरिष्ठांनी लिहिलं. मी हुकमाचा ताबेदार. आणि याच नोकरीवर तू शिकलीस, विसरू नकोस."

"शिकले, म्हणूनच लिहितेय."

आई मध्ये पडली. "अगं, दुसऱ्या कुणाला देऊन टाक ही केस. बापाच्या मुळावर का उठतेस?"

लेकीने नाव खोडलं नाही. साक्षीदारांच्या यादीत तिने ते सगळ्यात वर लिहिलं.

चौकशीच्या दिवशी बापलेक वेगवेगळ्या बसने गेले.

"पोरगी थोराड आहे," वय लिहिणारे अधिकारी चौकशी समितीसमोर शांतपणे म्हणाले. "एकोणीसची आहे असं तिनेच सांगितलं. आमच्यापैकी कुणालाच शंका आली नाही." ती पोर बाहीचं टोक चावत खाली बघत राहिली.

वडिलांना पुढे बोलावलं. केंद्राच्या वकीलबाई लेकीच्या कानाशी लागल्या, "यांना मी विचारते. तू बस."

"नाही. मीच विचारणार."

अध्यक्षबाईंनी मान डोलावली. लेक उठली. वडील काय सांगणार, याचा तिला काहीच अंदाज नव्हता. आठ दिवस ते तिच्याशी बोलले नव्हते.

"तुम्हाला ती केवढी वाटली होती?"

अधिकारी खाकरले. वडिलांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी त्या पोरीकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"पंधराची," ते म्हणाले. "मी घरात एक मुलगी वाढवलीय. हिला आत नेतानाच मला कळलं होतं."