उपरण्याखाली

"बाबा, अजून थोडं उघडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बंकटआबांना आणखी उघडता येत नव्हतं. कशीबशी दोन बोटं आत जातील एवढंच तोंड उघडत होतं. नेकनूरच्या बाजारात उभ्या जन्मात त्यांनी हजारो जनावरांची तोंडं उघडली होती. दात बघून वय सांगायचं आणि मग किमतीला तोंड फोडायचं, हाच त्यांचा धंदा. आज त्यांचंच तोंड उघडायला कुणीतरी खटपट करत होतं, याचं त्यांना मनातल्या मनात हसू आलं.

ते आले होते एक हलती दाढ काढायला. "दाढ उपटा अन् सोडा मला," असं खुर्चीत टेकतानाच त्यांनी सांगून टाकलं होतं. पण बाई पडल्या चिकट. आधी सगळं तोंड बघते, म्हणाल्या. बारका आरसा घालून एकेक दात पाहिला, ठोकून दुखतं का विचारलं. हिरड्या टोचून झाल्या. जीभ कापडात धरून बाहेर ओढली, दोन्ही अंगांनी वळवली, खालूनही पाहिली. मग त्यांचं बोट डाव्या गालात गेलं, जिथं आबांच्या तंबाखूचा बार बसायचा. तिथं ते थांबलं.

"तंबाखू कधीपासून?"

"मिसरूड फुटायच्या आदीपसून."

बाईंनी जबड्याखाली चाचपलं, मान चाचपली. एका जागी पुन्हा चाचपली. आणि मग त्या एकदम गोड बोलायला लागल्या. पुढचे दात या वयातही छान आहेत हो बाबा, गाव कुठलं, घरी शेरडं किती. आबा काय ते समजले. गिऱ्हाइकाला जनावरात खोट सापडली की ते असंच करतं. खोटीबद्दल अवाक्षर काढत नाही, शिंगांची तारीफ करतं, पाठीवर थाप मारतं आणि पुढच्या दावणीकडे सरकतं.

गालातला एवढासा तुकडा तपासायला पाठवू, म्हणत बाईंनी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात गाल, ओठ आणि अर्धी जीभ कुणा दुसऱ्याची झाली. तुकडा काढलेला आबांना कळलासुद्धा नाही. दाढ मात्र तशीच हलत राहिली. उठताना बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

बाहेरच्या बाकावर ते ओठातून गळणारी लाळ उपरण्यानं पुसत बसले. सोबत आलेल्या पोराला, लखनला, बाईंनी आत बोलावलं होतं. दार पुरतं लागलं नव्हतं. आतलं बोलणं कळत नव्हतं. "उशीर करू नका" एवढं मात्र दोनदा ऐकू आलं.

लखन बाहेर आला आणि बापाशेजारी बसला. त्याचीही आता दाढी पांढरी व्हायला लागली होती.

"काय म्हणली रं?"

"काय न्हाई, आबा. उष्णतेनं तोंड आलंय म्हणली. मलम दिलंय."

"मंग दाढ कावून काढली न्हाई?"

"फुडल्या खेपंला काढू म्हणली." हे लखननं समोरच्या भिंतीला सांगितलं.

आबांनी भीती वाटायची वाट पाहिली. वाटली नाही. गालातलं औषध खाली उतरत काळजापर्यंत पोचलं असावं, असं त्यांना वाटलं. गेल्या साली भावकीतला आश्रुबा गालाच्याच दुखण्यानं गेला होता. त्यालाही घरचे शेवटपर्यंत मलमच म्हणत होते. कुणी खरं सांगितलं असतं तर पोराबाळांशी चार शब्द बोलून तरी गेला असता, हे आबांना तेव्हा फार लागलं होतं.

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोघांच्या मधे, बाकावर पसरलं. आपला उजवा हात त्याच्याखाली सरकवला.

लखन बघतच राहिला. बाजारात भाव असाच ठरायचा. दोघांचे हात उपरण्याखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, आणि सौदा जुळला किंवा मोडला की उपरणं झटकून खांद्यावर टाकायचं. वर तोंडानं वैजनाथाच्या खोट्या शपथा खा, कुणाची हरकत नाही. उपरण्याखाली मात्र खोटं चालत नाही. हे लखनला आबांनीच शिकवलं होतं.

"तोंडानं नकू सांगू," आबांचे शब्द बधिर ओठात अडखळत होते. "साधं असंल तर एक बोट दाब. आश्रुबाचं हुतं तसलं असंल, तर समदा पंजा."

"आबा, काय बी काय..."

"हात दे."

लखनचा हात उपरण्याखाली आला. आधी नुसताच पडून राहिला. घामानं ओला झाला होता. मग त्यानं आबांचं एकच बोट धरलं. लहानपणी बाजाराच्या गर्दीत धरायचा तसं, घट्ट, आणि ते त्याला सोडता येईना.

तोंड बधिर होतं. हात बधिर नव्हता.

आबा म्हणाले, "लखन, बाजारात असा हात कुणाला दिऊ नकू, लेका. समोरच्याला समदं कळतंय."

लखननं मान खाली घातली. बोट तसंच धरून ठेवलं.

उपरणं झटकायची वेळ झाली होती. आबांनी ते राहू दिलं.