बिलावरचा पत्ता

तासभर ‘मॅडम, मॅडम’ करत दुकानदाराने रेश्मा काळेला व्हिडिओ कॅमेरे दाखवले. तिला आपल्या वस्तीवर पडणाऱ्या पोलीस छाप्यांवर फिल्म करायची होती. एक कॅमेरा पसंत करून तिने बिलासाठी आधार कार्ड पुढे केलं.

पत्ता वाचताना तो थबकला. पारधी वस्ती, तालुका आष्टी. त्याने सेल्समनला डोळ्यांनी खुणावलं. काउंटरवरच्या सगळ्या लेन्स भराभर कपाटात गेल्या आणि कपाटाला कुलूप लागलं.

रेश्माची कानशिलं तापली. हातातला कॅमेरा सुरू करून तिने त्याच्यावर रोखला. “लेन्स का उचलल्या? इकडे बघून सांगा.”

“गैरसमज होतोय, मॅडम. आधी ते बंद करा.”

तिने कॅमेरा काउंटरवर ठेवला. “मी जायच्या आधी सगळं मोजून घ्या.”

त्याने खरंच कपाट उघडलं आणि तो मोजू लागला.